सर जॉन स्टेनर यांचे चरित्र: प्रकल्प नोंदी

8 जानेवारी

आमच्या संगीत अभ्यास मंडळाच्या यंदाच्या पुस्तिकेत व्हिक्टोरिया राणीच्या काळातील एका चर्च-ऑर्गनवादकाचे विस्तृत चरित्र द्यावे आणि त्याला जोडून मार्चअखेरीस एक श्रवणसत्र घ्यावे, असे ठरले आहे. निवड सर जॉन स्टेनर (1840–1901) यांची झाली. लिव्हरपूलचे डब्ल्यू. टी. बेस्ट हे वादक म्हणून त्यांच्यापेक्षा तेजस्वी होते आणि सॅम्युएल सेबॅस्टियन वेस्ली हे रचनाकार म्हणून त्यांच्यापेक्षा मौलिक होते, हे मान्य करूनच ही निवड केली आहे. स्टेनर यांचे नाव आज मुख्यतः येशूच्या वधस्तंभावरील मृत्यूविषयीच्या ‘द क्रुसिफिक्शन’ या एका रचनेमुळे टिकून आहे. परंतु त्यांच्या आयुष्याचा बहुतेक काळ इतरांना नीट गाता यावे, वाजवता यावे आणि लिहिलेले संगीत वाचता यावे याची व्यवस्था लावण्यात गेला. चरित्राचा भर त्या व्यवस्थेवर ठेवायचा आहे.

12 जानेवारी

बालपणाचा मजकूर लिहून झाला. स्टेनर यांचा जन्म 6 जून 1840 रोजी लंडनच्या साउथवर्क भागात झाला. वडील विल्यम हे मूळचे लाकडी सामान बनवणारे कारागीर. पुढे ते तेथील पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक चर्च-विभागाच्या, शाळेत शिक्षक झाले. घरात वाद्यांचा वावर होता आणि थोरली बहीण अ‍ॅन ही स्वतः ऑर्गनवादक होती. मॅग्डालेन हॉस्पिटलच्या प्रार्थनामंदिरात तिने जवळजवळ 50 वर्षे ऑर्गन वाजवला. धाकट्या भावाला ‘सर’ ही पदवी मिळाली आणि बहिणीचे नाव भावाच्या चरित्रातील एका वाक्यापुरते उरले, ही त्या काळाची रीतच होती. आमच्या पुस्तिकेत तिला एका वाक्यापेक्षा अधिक जागा द्यावी, असे मी सुचवले आहे.

वयाच्या पाचव्या वर्षाच्या सुमारास झालेल्या अपघातात जॉनचा डावा डोळा निकामी झाला. ही गोष्ट केवळ करुण तपशील म्हणून नोंदवून पुढे जाता येणार नाही, कारण ऑर्गनवादक एकाच वेळी समोरची स्वरलिपी, बाजूचे स्टॉप (कोणत्या नळ्या वाजाव्यात हे ठरवणाऱ्या खुंट्या) आणि आरशात दिसणारा गायकवृंद या तिन्हींवर नजर ठेवतो. स्टेनर यांनी हे सारे एका डोळ्यावर निभावले. 1875 मध्ये खेळताना त्या चांगल्या डोळ्यालाच चेंडू लागला आणि काही काळ दृष्टी पूर्ण जाण्याची वेळ आली. 1888 मध्ये त्यांनी सेंट पॉल्स कॅथीड्रल सोडले, तेही दृष्टीच्याच कारणाने. त्यामुळे डोळ्याचा हा धागा चरित्रात तीन ठिकाणी येईल.

17 जानेवारी

लहानगा जॉन सेंट पॉल्सच्या गायकवृंदात दाखल झाला तेव्हा तेथील ऑर्गनवादक जॉन गॉस होते. नोव्हेंबर 1852 मध्ये ड्यूक ऑफ वेलिंग्टन यांचा अंत्यविधी याच कॅथीड्रलमध्ये झाला, त्या वेळी गाणाऱ्या मुलांत जॉन होता.

गायक मुलांची त्या काळातील स्थिती समजून घेतल्याशिवाय पुढचे काहीच नीट कळत नाही, म्हणून येथे मरायाह हॅकेट या बाईंविषयी सविस्तर लिहिले. एक नातेवाईक मुलगा सेंट पॉल्सच्या गायकवृंदात गेल्याचे निमित्त होऊन हॅकेटबाईंनी 1811 च्या सुमारास जुने दस्तऐवज तपासायला घेतले आणि मुलांच्या निवासासाठी व शिक्षणासाठी शतकांपूर्वी दिलेल्या देणग्यांचा लाभ मुलांपर्यंत पोहोचत नसल्याचे दाखवून दिले. उपासना दररोज दोन वेळा गायची, पण राहणे, जेवण आणि शाळा यांची धड सोय नाही, अशी त्या मुलांची अवस्था होती. हॅकेटबाईंनी पत्रे लिहिली, कायद्याचा आधार घेतला, देशभरातील कॅथीड्रले पालथी घातली आणि हे काम 1874 मध्ये मरण येईपर्यंत सोडले नाही. जॉनच्या बोटांत काही विशेष आहे हे ओळखून सेंट सेपल्कर चर्चचे ऑर्गनवादक जॉर्ज कूपर यांच्याकडील त्याच्या शिकवणीचा खर्चही त्यांनीच उचलला. पुढे स्टेनर यांनी सेंट पॉल्समध्ये मुलांसाठी जे केले त्याचे मूळ मला येथे दिसते. ज्या दुरवस्थेतून ते स्वतः गेले, तिच्यावरचा उपाय त्यांना बाहेरून शिकावा लागला नाही.

24 जानेवारी

वाचकांपैकी बहुतेकांनी नळ्यांचा ऑर्गन जवळून पाहिलेला नसणार, म्हणून एक स्वतंत्र चौकट तयार केली. आपल्या बाजाच्या पेटीत डाव्या हाताने भाता हलवला की हवा पत्त्यांतून जाऊन नाद निघतो. ऑर्गनमध्ये हीच हवा शेकडो, कधी हजारो, लाकडी आणि धातूच्या नळ्यांत सोडली जाते. हातांसाठी एकावर एक असे दोन, तीन वा चार स्वरपट असतात, पायांसाठी जमिनीलगत लाकडी पट्ट्यांचा वेगळा स्वरपट असतो आणि कोणत्या नळ्या बोलाव्यात हे स्टॉप ओढून ठरवले जाते. एकोणिसाव्या शतकात भाता हलवण्यासाठी वेगळा माणूस लागे.

या भाता हलवणाऱ्या माणसाचे महत्त्व सांगणारा एक प्रसंग सेंट पॉल्समध्येच घडला. सप्टेंबर 1837 मध्ये जर्मन संगीतकार मेंडेलसन तेथे रविवारच्या संध्याकाळच्या उपासनेनंतर बाखचा फ्यूग (एकच सुरावट वेगवेगळ्या आवाजांत एकामागून एक येणारी रचना) वाजवत होते आणि श्रोते काही केल्या उठेनात. कर्मचाऱ्यांना घरी जायचे होते, म्हणून भाता थांबवण्यात आला आणि फ्यूग शेवटाकडे येत असतानाच वाद्य मुके झाले. त्या काळी लंडनमधील अनेक ऑर्गनांना पायांचा स्वरपट नव्हता, किंवा असला तरी अपुरा होता. त्यामुळे बाखच्या रचना लिहिल्याप्रमाणे वाजवणे शक्य होत नसे. कूपर हे बाखचे पुरस्कर्ते होते आणि पायांनी स्वतंत्र सुरावट वाजवण्याचे शिक्षण जॉनला त्यांच्याकडे मिळाले. इंग्लंडमधील ऑर्गनचा कायापालट होत होता, त्याच वेळी हा मुलगा शिकत होता, एवढे वाचकाच्या लक्षात आले तरी चौकटीचे काम झाले.

30 जानेवारी

वयाच्या चौदाव्या वर्षी, 1854 मध्ये, जॉनला पॉल्स व्हार्फजवळच्या सेंट बेनेट चर्चमध्ये ऑर्गनवादकाची पहिली नोकरी लागली. 1856 मध्ये सर फ्रेडरिक ऊस्ली सेंट पॉल्समध्ये आले असता ऑर्गनवर बसलेला सोळा वर्षांचा मुलगा त्यांच्या नजरेत भरला. ऊस्ली हे सरदार घराण्यातील धर्मगुरू आणि ऑक्सफर्डचे संगीताचे प्राध्यापक होते. चर्चसंगीताचा दर्जा उंचावावा यासाठी त्यांनी स्वतःच्या पैशाने वुस्टरशायरमधील टेनबरी येथे सेंट मायकल्स कॉलेज नुकतेच उघडले होते. तेथील ऑर्गनवादक म्हणून त्यांनी स्टेनर यांना नेमले.

टेनबरीचा काळ जेमतेम दोन-अडीच वर्षांचा आहे, पण तो घाईने उरकण्यासारखा नाही. ऊस्लींचा ग्रंथसंग्रह तेथे होता आणि पुढे हँडेलने स्वतः संचालनासाठी वापरलेली ‘मसाया’ची प्रतही त्या संग्रहात आली. साउथवर्कच्या शिक्षकाच्या मुलाला जुनी हस्तलिखिते हाताळण्याची गोडी अशा ठिकाणी लागली असेल, असे मानणे वावगे ठरू नये. ‘आय सॉ द लॉर्ड’ ही त्यांची दोन गायकवृंदांसाठीची रचना याच काळातली आहे. कॅथीड्रलच्या प्रदीर्घ घुमण्याचा विचार करून केलेले तिचे भव्य स्वरसमूह ऐकले, की स्टेनर म्हणजे गुळचट भावुकता हा शेरा निदान विशीच्या आतील स्टेनर यांना लागू पडत नाही हे समजते. श्रवणसत्राची सुरुवात या रचनेने करायची आहे.

3 फेब्रुवारी

ऑक्सफर्डचा पूर्वार्ध थोडक्यात आटोपला. 1859 मध्ये संगीताची पदवी, 1860 मध्ये मॅग्डालेन कॉलेजचे ऑर्गनवादकपद, पाठोपाठ विद्यापीठाचे ऑर्गनवादकपद, 1864 मध्ये बी. ए. आणि 1865 मध्ये संगीतातील डॉक्टरेट. त्याच वर्षी ऑक्सफर्डमधील एका नगरप्रतिनिधीची कन्या एलायझा सेसिल रँडल हिच्याशी त्यांचा विवाह झाला. नोकरी सांभाळून सर्वसाधारण पदवीही घ्यायची, हा हट्ट लक्षणीय आहे. ऑर्गनवादकाकडे वरच्या दर्जाचा नोकर म्हणून पाहणाऱ्या विद्यापीठात त्यांना विद्वान म्हणून वावरायचे होते.

मॅग्डालेनचेच एच. आर. ब्रॅम्ली यांच्यासह त्यांनी काढलेला नाताळगीतांचा संग्रह मात्र वेगळ्या परिच्छेदात घेतला आहे. ‘द फर्स्ट नोएल’ला स्टेनर यांनी दिलेली स्वरसंगती आज जगभर गायली जाते. मुंबईत, वसईत किंवा पुण्याच्या कॅम्पात नाताळच्या सुमारास हे गीत चार आवाजांत कानावर पडते, तेव्हा बहुधा स्टेनर यांचेच स्वर ऐकू येत असतात. गाणाऱ्यांना त्यांचे नाव ठाऊक असो वा नसो.

11 फेब्रुवारी

सेंट पॉल्सचे प्रकरण हा या चरित्राचा कणा आहे आणि ते मनासारखे उतरायला वेळ लागला.

फेब्रुवारी 1872 मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स दुखण्यातून बरे झाल्याबद्दल कॅथीड्रलमध्ये राष्ट्रीय कृतज्ञता-उपासना झाली आणि त्यानंतर वृद्ध गॉस निवृत्त झाले. डीन (कॅथीड्रलचे प्रमुख धर्मगुरू) रिचर्ड चर्च आणि कॅनन (कारभारात वाटा असलेले धर्मगुरू) लिडन व ग्रेगरी या नव्या कारभाऱ्यांना कॅथीड्रलची उदासीनता झटकायची होती. त्यांनी 31 वर्षांच्या स्टेनर यांना बोलावून घेतले. गॉस हे गुणी आणि सौम्य गृहस्थ होते. मात्र गायकांवर अधिकार चालवणे त्यांच्या स्वभावात नव्हते, तसेच पदाने त्यांना तेवढा अधिकार दिलेलाही नव्हता. प्रौढ गायकांच्या नेमणुका आजीव असत. त्यामुळे कोणी आठवड्याच्या मधल्या दिवशी स्वतः न येता बदली माणूस पाठवला, किंवा आवाज गेल्यावरही जागा अडवून ठेवली, तरी त्याला हात लावता येत नसे. एकत्र तालीम हा प्रकार जवळजवळ नव्हताच.

स्टेनर यांनी वाद घालण्यापेक्षा संख्या वाढवण्याचा मार्ग घेतला. जुन्या आजीव गायकांच्या जोडीला नवे साहाय्यक गायक नेमून पुरुषांची संख्या 18 वर नेली, तालमी सक्तीच्या केल्या आणि उपासनेचे वेळापत्रक आधी ठरवून त्याबरहुकूम गाणे होईल असे पाहिले. मुलांसाठी कार्टर लेनमध्ये सुमारे 40 जणांची निवासी शाळा उभी राहिली. ही इमारत कॅथीड्रलचे वास्तुतज्ज्ञ एफ. सी. पेनरोज यांची आहे. तिच्या दर्शनी भिंतीवर प्रेषित पौलाच्या गलतीकरांस लिहिलेल्या पत्रातील वधस्तंभाविषयीचे लॅटिन वचन एका लांब पट्टीत कोरल्यासारखे रंगवलेले आजही दिसते. मुलांची शाळा मात्र तेथून हलली असून आता तेथे तरुण प्रवाशांसाठी वसतिगृह आहे. मुलांना गाणे शिकवण्याची जबाबदारी स्टेनर यांनी आपले शिष्य जॉर्ज मार्टिन यांच्यावर सोपवली. 1888 मध्ये मार्टिन हेच त्यांच्या जागी कॅथीड्रलचे ऑर्गनवादक झाले.

ऑर्गनचाही 1872 मध्येच कायापालट झाला. हेन्री विलिस यांनी वाद्य दुभागून गायकवृंदाच्या दोन्ही अंगांना बसवले. सतराव्या शतकातील ग्रिन्लिंग गिबन्सच्या कोरीव कामाचा मूळ लाकडी सांगाडा त्यासाठी उपयोगात आणला गेला. वादक एका बाजूला बसणार आणि अर्ध्या नळ्या समोरच्या बाजूला, त्यामुळे फरशीखालून नेलेल्या हवेच्या नळ्यांच्या साहाय्याने पलीकडच्या नळ्यांच्या झडपा उघडण्याची योजना विलिस यांनी केली.

पुढच्याच वर्षी, 1873 च्या पवित्र सप्ताहात, बाखचे ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ (पॅशन म्हणजे येशूच्या यातना व मृत्यूची कथा सांगणारी संगीतरचना) वाद्यवृंदासह उपासनेचा भाग म्हणून सेंट पॉल्समध्ये गायले गेले. 1871 मध्ये जोसेफ बार्नबी यांनी वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत तशी वाट पाडली होतीच. सेंट पॉल्समध्ये मात्र तो वार्षिक परिपाठ झाला. वर्षापूर्वी ज्या गायकवृंदाला रोजची उपासना धड पार पाडता येत नव्हती त्याने हे काम अंगावर घ्यावे, यातच सुधारणेचा वेग कळतो. स्टेनर यांची सर्वांत मोठी रचना कोणती असे मला विचारले, तर मी हा गायकवृंद असे उत्तर देईन.

15 फेब्रुवारी

मंडळाच्या बैठकीत एका सदस्यांनी विचारले की एवढे प्रशासकीय तपशील कोण वाचणार. मी मजकूर कमी केला नाही. तालमींचे वेळापत्रक कोणी तरी करते, म्हणूनच सूर लागतो, हे नाटकाच्या आणि संगीताच्या संस्था चालवणाऱ्या आपल्याकडच्या कोणालाही सांगायला नको.

22 फेब्रुवारी

‘द क्रुसिफिक्शन’ 24 फेब्रुवारी 1887 रोजी, राखेच्या बुधवारच्या दुसऱ्या दिवशी, मेरिलेबोन पॅरिश चर्चमध्ये प्रथम गायले गेले. शब्द जे. स्पॅरो-सिम्पसन यांचे आहेत. एक टेनर (उंच पुरुषी आवाज), एक बास (खर्जातला पुरुषी आवाज), गायकवृंद आणि ऑर्गन एवढ्यावर ते उभे राहते, आणि मधूनमधून जमलेल्या सर्वांनी मिळून गायची भक्तिगीते येतात. ज्या चर्चकडे वाद्यवृंदाचे पैसे नाहीत आणि ज्याचे गायक दिवसभर दुकानात किंवा कचेरीत राबून संध्याकाळी तालमीला येतात, अशा चर्चला पॅशनची परंपरा आवाक्यात यावी हा त्यामागचा हेतू आहे. सेंट पॉल्ससाठी बाख आणि पॅरिशसाठी हे, अशी शिक्षकाची दृष्टी त्यात आहे.

या रचनेची कुचेष्टाही भरपूर झाली. काही ठिकाणी स्वर हळवेपणाकडे झुकतात आणि पद्यरचना ठोकळेबाज आहे, हे आक्षेप मला मान्य आहेत. परंतु ‘गॉड सो लव्ह्ड द वर्ल्ड’ हा कोणत्याही वाद्याच्या साथीविना गायचा भाग नवशिक्या गायकवृंदालाही स्वतःच्या आवाजाबद्दल विश्वास देतो, आणि ते साधणे सोपे नाही. खुद्द स्टेनर यांनी उतारवयात चर्चसंगीताचे अभ्यासक ई. एच. फेलोज यांच्याजवळ आपल्या बहुतेक रचना प्रसिद्ध केल्याचा पश्चात्ताप व्यक्त केला होता. त्या टाकाऊ आहेत हे ते स्वतः जाणत होते, आणि आपल्या मागे त्यामुळे नाव खराब होईल, अशी भीती त्यांना वाटे. चरित्रात हा उल्लेख रचनांच्या चर्चेनंतर घेतला आहे, आधी नाही; नाहीतर वाचक त्यांचाच निकाल हातात घेऊन रचना ऐकायला बसेल.

2 मार्च

1882 मध्ये स्टेनर हे जॉन हला यांच्या जागी सरकारी शाळा आणि अध्यापक विद्यालये यांचे संगीत निरीक्षक झाले. आपल्या वाचकांना हे प्रकरण सर्वांत जवळचे वाटेल, म्हणून ते लांबले तरी तसेच ठेवले.

हला यांची पद्धत अशी की ‘डो’ हा नेहमी एकाच ठरलेल्या स्वराचा. गाणे कोणत्याही पट्टीत असो, नावे बदलत नाहीत. जॉन कर्वेन यांनी प्रसार केलेल्या टॉनिक सोल-फा पद्धतीत ‘डो’ हा त्या त्या गाण्याचा आधारस्वर असतो आणि बाकीचे स्वर त्याच्या नात्याने ओळखायचे. ज्याने काळी एक, काळी दोन किंवा पांढरी चार अशा कुठल्याही स्वरावर षड्ज धरून गाणे शिकले आहे, त्याला यात काहीच नवल वाटणार नाही. इंग्लंडमध्ये मात्र यावर वर्षानुवर्षे कडाक्याचे वाद झाले. अक्षरांनी लिहिलेली ही स्वस्त लिपी गिरणी-कामगारांच्या आणि मिशनच्या गायनवर्गांत फोफावली होती, आणि शिष्ट संगीतकार तिला गरिबांची सोय म्हणून नाक मुरडत. ऑक्सफर्डचा डॉक्टर आणि सेंट पॉल्सचा ऑर्गनवादक असलेल्या स्टेनर यांनी शाळांत तिचे स्वागत केले, याला म्हणूनच वजन आले.

त्याच वर्षीच्या शिक्षण-संहितेने पैशाचे कोडेही सोडवले. मुले केवळ ऐकून पाठ केलेली गाणी म्हणत असतील तर दर मुलामागे सहा पेन्स, आणि लिपी वाचून गात असतील तर एक शिलिंग, असे अनुदान ठरले. एका शिलिंगाचे बारा पेन्स, म्हणजे वाचता येण्याची किंमत नेमकी दुप्पट. अनुदानावर पगार अवलंबून असलेल्या मुख्याध्यापकाला स्वरलिपीचे महत्त्व पटवण्यासाठी याहून प्रभावी व्याख्यान कोणी दिले नसते.

8 मार्च

अध्यापनाचा उरलेला भाग. संगीतकार आर्थर सलिव्हन यांच्यानंतर 1881 मध्ये स्टेनर नॅशनल ट्रेनिंग स्कूल फॉर म्युझिकचे प्राचार्य झाले; याच शाळेच्या जागी 1883 मध्ये रॉयल कॉलेज ऑफ म्युझिक सुरू झाले. नोव्हेलो कंपनीच्या स्वस्त पाठ्यपुस्तकमालेतील ‘द ऑर्गन’ हे त्यांचे पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले. शिकणाऱ्याने पायांकडे पाहू नये, पट्ट्यांमधील अंतर पावलालाच कळले पाहिजे, असा त्या परंपरेचा आग्रह असतो. चवड्याने कोठे आणि टाचेने कोठे दाबायचे हे चिन्हांनी दाखवलेले असते.

1871 च्या त्यांच्या स्वरसंगतीवरील ग्रंथाने समान अंतराच्या बारा स्वरांचा सप्तक हाच पाया मानला आणि शुद्ध श्रुतींवर सिद्धान्त उभारू पाहणाऱ्यांना बाजूला सारले. जे वाद्य हाताखाली आहे त्याचाच सिद्धान्त सांगावा, ही त्यामागची व्यवहारी बुद्धी होती. चार दशकांनी सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल त्याच बारा स्वरांच्या पेटीला अपुरी ठरवून बावीस श्रुतींची मोजदाद करत होते. दोघांचा परस्परांशी संबंध नाही, म्हणून हा उल्लेख तळटिपेपुरताच.

15 मार्च

1888 मध्ये ‘सर’ ही पदवी, 1889 मध्ये ऊस्लींच्या जागी ऑक्सफर्डचे संगीताचे प्राध्यापकपद (त्याला ‘हेदर’ हे नाव आहे). येथे एका बाजूच्या गोष्टीला जागा करून दिली आहे. लंडनच्या ऑर्गनवादक एलिझाबेथ स्टर्लिंग यांनी 1856 मध्ये ऑक्सफर्डच्या संगीताच्या पदवीसाठी रचना सादर केली होती. ती पात्र ठरली, पण स्त्रीला पदवी देण्याची तरतूद नव्हती. ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या देण्यास 1920 मध्ये सुरुवात केली. स्टेनर यांना ज्या शिडीने साउथवर्कहून वर नेले, तिच्या पायऱ्या त्यांच्या बहिणीसारख्यांना मोकळ्या नव्हत्या, हे चरित्रात असायलाच हवे.

प्राध्यापक म्हणून त्यांचे टिकाऊ काम बोडलियन ग्रंथालयातील एका पंधराव्या शतकाच्या हस्तलिखितावरचे आहे. उत्तर इटलीत तयार झालेल्या या संग्रहातून मुलगा जॉन आणि मुलगी सेसी यांच्या साहाय्याने त्यांनी 50 गीते आधुनिक लिपीत उतरवली आणि 1898 मध्ये ‘दुफाय अँड हिज कंटेम्पररीज’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. मध्ययुगीन संगीत म्हणजे ओबडधोबड प्रयोग, असा समज रूढ असताना दुफाय, बिन्श्वा या पंधराव्या शतकातील संगीतकारांची गीते गाण्याजोग्या रूपात प्रथमच अनेकांच्या समोर आली. उरलेल्या एका डोळ्याने विटलेली शाई वाचणाऱ्या वडिलांना मुलांनी किती हात दिला असेल, याची कल्पना करता येते. स्वतःच्या रचनांविषयी एवढे कठोर असलेल्या माणसाने इतरांच्या विस्मृत रचनांसाठी इतके कष्ट घ्यावेत, यात मला विसंगती दिसत नाही.

21 मार्च

अखेरचा परिच्छेद चार ओळींचा ठेवला. इटलीतील मुक्कामात, 31 मार्च 1901 रोजी, झावळ्यांच्या रविवारी, व्हेरोना येथे स्टेनर यांचे निधन झाले. ऑक्सफर्डच्या होलीवेल दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली.

श्रवणसत्राचा क्रम असा पक्का केला आहे: ‘आय सॉ द लॉर्ड’, ‘द फर्स्ट नोएल’, ‘सेव्हनफोल्ड आमेन’, ‘गॉड सो लव्ह्ड द वर्ल्ड’ आणि शेवटी त्यांच्या ग्रंथातील दुफायचे एक गीत. एका सदस्यांच्या मते शेवट ‘क्रुसिफिक्शन’नेच व्हावा, कारण लोक त्यासाठी येणार. मी क्रम बदललेला नाही. मुद्रिते सोमवारी छापखान्यात जातील. अ‍ॅन स्टेनर यांच्यावरील परिच्छेद संपादकांनी ठेवला आहे.